फिरकीचा तांब्या आणि लाल खिडकी

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बुधवारी येतात ती कामाची माणसं. त्यांना ठरावीक मापाचा पाना हवा असतो, पंपाची एखादी चकती हवी असते. पंधरा मिनिटांत सौदा करून ती निघतातही. रविवार मात्र काहीच नको असलेल्यांचा. नळांच्या तोट्या, एकेकटे बूट, काटे हरवलेली घड्याळं असं बघत बघत ही मंडळी पुढे सरकतात आणि एखाद्या गोणपाटापाशी उकिडवी बसतात. तिथे बहुधा सहलीचं सामान पडलेलं असतं.

सहल म्हणजे सकाळी जाऊन दिवेलागणीला परत, मुक्काम नाही. पुणेकरांची पिढ्यान्‌पिढ्यांची ठरलेली वाट म्हणजे लोणावळ्याची लोकल, मळवलीला उतरणं, भाजे लेणी, पायांत बळ उरलं तर लोहगड. सोबत दशम्या, लसणीची चटणी, पाणी, चहा, आणि घरात असलाच तर कॅमेरा. दशम्या संपल्या. बाकीचं सगळं केव्हा ना केव्हा माळ्यावर गेलं आणि माळ्यावरून इथे आलं.

यात पहिला मान फिरकीच्या तांब्याचा. पितळेचा, गळ्याशी निमुळता, झाकणाला आटे. गोणपाटावर तो काळाकुट्ट दिसतो, पण काळेपणाला भ्यायचं कारण नाही. चिंच आणि मीठ लावून पाच मिनिटं घासलं की जातो. बघायचे ते आटे. झाकण आधी उलट्या दिशेला हलकेच फिरवायचं. आट्यात आटा बसला की बारीकसा ‘टक’ जाणवतो, मग सुलट फिरवायचं. असं केलं तर झाकण दोन बोटांनी सरळ खाली जातं. तिरपं जाऊन अडलं, तर कोणीतरी घाईत जबरदस्तीने लावून आटा चढवलेला आहे असं समजावं. तो दुरुस्त होत नाही. चहाच्या टपरीवरून पाणी मागून तांब्या भरायचा, झाकण लावायचं आणि मिनिटभर उलटा धरायचा. एखाद-दुसरा थेंब चालेल. धार लागली तर खाली ठेवून द्यावा.

पोचे असतील तर असू द्यावेत. तळाच्या कडेला एकाच बाजूला पोचा असतो, कारण भरलेला तांब्या पिशवीतून नेताना दगडाला आपटते ती हीच कड. धोका असतो डाखाचा, म्हणजे धातू वितळवून सांधलेल्या जोडाचा. तळाशी किंवा गळ्याशी राखाडी, मऊ, नखाने ओरखडा उठेल अशी रेघ दिसली, तर ती शिसं-कथलाच्या डाखाची. नुसता शोभेला ठेवायला तो तांब्या चालतो, पण कल्हईला, म्हणजे आतून कथलाचा मुलामा द्यायला दिला की पंचाईत. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, हा डाख त्याच्या बराच आधी. कल्हईवाल्याने भाता मारून तांब्या तापवला, नवसागर टाकला आणि कथलाची कांडी लावायच्या आत तळ सुटून कोळशात पडतो. बिचाऱ्याचा काही दोष नसतो. डाख असेल तर आधीच सांगावं, आणि ज्याला पितळेचा जोड पक्का भरता येतो त्याच्याकडून तो भरून घ्यावा.

कल्हई नसलेल्या पितळेत ताक किंवा सरबत भरू नये. आंबटाने पितळ कळकतं आणि आतला जिन्नसही बिघडतो. कल्हई करून आणल्यावर मोबाइलचा दिवा आत मारून खांद्याची आतली बाजू बघावी. अरुंद गळ्यातून कापसाचा बोळा तिथवर नीट पोचत नाही, म्हणून तिथला पट्टा पिवळाच राहतो.

भावाचं म्हणाल तर पितळ वजनावर विकलं जातं. मोडीचा भाव विक्रेत्याला तोंडपाठ असतो आणि त्याखाली तो उतरत नाही, उतरूही नये. घासाघीस त्याच्या वरच्या रकमेची. सकाळी भवानीच्या वेळी हुज्जत घालणं वाईट दिसतं. आधी काहीतरी किरकोळ घ्यावं, मग तांब्याकडे वळावं.

थर्मासची गोष्ट वेगळी. तो बाहेरून जितका चकचकीत, तितका संशय धरावा. आत दोन भिंतींची काच असते, मधली हवा काढून घेतलेली, आतून चांदीसारखा मुलामा. हवा काढून तोंड बंद करतात ते टोक काचेच्या तळाशी असतं. बूड उघडत असेल तर तिथलं रबर बघावं. रबर वाळून तुकडे झालेलं असेल, तर काच आत नुसती लटकते आणि एसटीच्या दोन खड्ड्यांत तळाचं टोक फुटतं. मग थर्मास अख्खा दिसतो, पण निर्वात पोकळी गेलेली असते. याची परीक्षा गरम पाण्याचीच. त्याच टपरीवरून उकळतं पाणी घ्यावं, आधी थोडं कोमट घालून विसळावं (थंड काचेत एकदम उकळतं ओतलं तर तडकते), मग भरून बूच लावावं आणि बाजारात एक चक्कर मारून यावं. परत आल्यावर अंग कोमट लागलं तर पोकळी गेली. फक्त गळा कोमट असेल तर काळजी नको. दोन्ही भिंती तिथेच एकमेकींना जोडलेल्या असतात. बुचाला जुन्या चहाचा वास हमखास येतो. बूच नवं कापून घ्यावं, आणि काचेत गरम पाणी व चमचाभर खाण्याचा सोडा घालून रात्रभर उघडं ठेवावं. थर्मास नेहमी उघडाच ठेवायचा असतो. बंद करून ठेवला की पुढच्या सहलीला सगळा चहा मागच्या सहलीचा लागतो.

मळवलीच्या वाटेवर तळेगाव लागतं. काचेशी या गावाचं नातं जुनं. माणशी एकेक पैसा जमवून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली इथेच निघाला. लोकल तळेगावात थांबली की मांडीवरचा थर्मास जरा घट्ट धरावा, एवढं तरी करता येतं.

पितळी स्टोव्ह दिसला की हात आपोआप पंपाकडे जातो. तो बघावा, पण सहलीसाठी घेऊ नये. रॉकेल आता सहज मिळत नाही आणि गाडीत नेताही येत नाही. गच्चीवरच्या हौसेसाठी घेणार असाल तर पंपातला चामड्याचा वायसर गोडेतेलात भिजवून बघा. दट्ट्या दाबल्यावर आपोआप वर येत असेल, तर तळाचा व्हॉल्व्ह गेलेला आहे.

आता कॅमेरा. इथे सगळ्यात जास्त सापडतो तो बडोद्यात तयार झालेला आग्फाचा क्लिक थ्री, काळा, ठोकळ्यासारखा, एका रोलवर बारा चौकोनी फोटो काढणारा. तो हातात घेतला की सगळे पहिली गोष्ट करतात ती पाठ उघडण्याची, आणि तीच करायची नाही. पाठीवर एक गोल लाल खिडकी असते. आधी तिच्यातून बघायचं. आत नुसता काळोख असेल तर खुशाल उघडा. बटण दाबून भिंगातून उजेडाचा ठिपका लुकलुकतो का ते पाहा आणि रिकामी रीळ आत आहे याची खात्री करा. ती नसली तर नवा रोल गुंडाळायचा कशावर?

पण खिडकीत आकडा दिसला, समजा ७, तर आत रोल आहे; हा आकडा फिल्मच्या पाठच्या कागदावरचा, फोटोचा क्रमांक. कोणाची तरी सहल सहा-सात फोटोंवर थांबली आणि कॅमेरा कपाटात गेला. कुणाकडे रोलला पैसे नव्हते म्हणून पुढच्या दिवाळीसाठी उरलेले राखून ठेवले, कुणाकडे पुढची दिवाळी तशी आलीच नाही. विक्रेत्याला हे सांगू नये, भाव वाढतो.

असा कॅमेरा घेतला तर लाल खिडकीवर काळी चिकटपट्टी लावावी. घरी आल्यावर रोल पुढे सरकवायची मूठ हळूहळू फिरवत राहावी; फिल्म कोरडी होऊन कडक झालेली असते, जोर केला तर फाटते. कागद संपून मूठ सैल पडली की अंधाऱ्या खोलीत पाठ उघडावी, रोल घट्ट धरून टोकाची डिंकाची पट्टी ओली करून चिकटवावी आणि काळ्या कागदात गुंडाळावा. रोल रंगीत असला तरी कृष्णधवल पद्धतीनेच धुवायला सांगावं. फार जुन्या रंगीत फिल्मची रसायनं आता मिळत नाहीत. धुणाऱ्याला रोलचा अंदाजे काळ सांगावा, म्हणजे तो वेळ बेताने ठरवतो.

निगेटिव्ह बहुधा धुरकटच येते. बरेच फोटो गेलेले असतात, दोन-तीन टिकतात. ते उजेडासमोर धरले की चैत्याची कमान ओळखू येते, पायऱ्यांवर बसलेली पाच-सहा माणसं दिसतात, आणि पुढ्यात, सगळ्यांच्या मधोमध, उभा ठेवलेला फिरकीचा तांब्या.