गरुड तेजोमेघ, सहा फिल्टर: पावसाळी कामाची नोंद

पावसाळ्यात आपला डॉब (डॉब्सोनियन दुर्बीण) कापडाखाली जातो. आणि नेमकं त्याच महिन्यांत धनू, भुजंगधारी, ढाल या भागातलं सगळं वैभव संध्याकाळनंतर वर आलेलं असतं. गरुड तेजोमेघ, म्हणजे एम१६, ऑगस्टच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमारास याम्योत्तरावर, म्हणजे त्याच्या सर्वांत उंच जागी, असतो. नाशिकहून पाहिलं तर क्षितिजापासून जवळपास ५६ अंश वर, म्हणजे निरीक्षणाला एकदम उत्तम जागा. वर ढग नसते तर! आपण त्याला गाठतो ते मार्च-एप्रिलच्या पहाटे, नाहीतर दिवाळीच्या आसपास पश्चिमेला मावळताना. आठ इंची आरशातून जव्हारच्या रस्त्यावरच्या अंधारात त्यातला तारकागुच्छ सुरेख दिसतो आणि भोवती धुरकट करडा डाग जाणवतो. त्यातले ते प्रसिद्ध खांब, वायू आणि धुळीचे ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’, मात्र डोळ्याला कधीच दिसलेले नाहीत.

म्हणून या पावसाळ्यात जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची निरीक्षणं उतरवून खांबांवर घरीच काम सुरू केलं. बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटच्या मास्ट संग्रहात ती कुणालाही फुकट मिळतात. शोधात एम१६ टाकायचं, निअरकॅम हे उपकरण (वेबचा निकट-अवरक्त कॅमेरा) निवडायचं आणि प्रत्येक फिल्टरच्या, नावाच्या शेवटी आय२डी असलेल्या फिट्स फायली घ्यायच्या. फायली जड आहेत, रात्रभर लावून ठेवाव्या लागतात. प्रत्येक फाईलमध्ये बरेच थर असतात, चित्रासाठी त्यातला फक्त एससीआय नावाचा लागतो. बाकीचे वेगळे काढून टाकले की लॅपटॉप मोकळा श्वास घेतो.

फाईल उघडल्यावर पहिल्यांदा दिसतो तो काळा पडदा आणि त्यावर थोडे ठिपके. आकडे रेषीय असतात आणि तेजस्वी तारे खांबांच्या हजारो पट उजळ असतात, त्यामुळे खांब तळाशी दडपून जातात. मी एसिन्ह ताण देतो, म्हणजे त्या गणिती सूत्राने उजेडाचे आकडे नव्याने पसरवतो: मंद भागात तो जवळजवळ रेषीय वागतो, तेजस्वी भागात लॉगसारखा दाबतो, आणि ताऱ्यांचे रंग पांढरे फटक होत नाहीत. सिरिल या खगोलचित्रांच्या प्रोग्राममध्ये ही सोय तयारच आहे. ताण देण्याआधी सहाही फिल्टर एकमेकांवर बसवून घ्यायचे. निअरकॅमच्या लघु तरंगलांबीच्या बाजूचा पिक्सेल ०.०३१ विकलांचा, दीर्घ बाजूचा ०.०६३ चा, म्हणजे चित्रं सरळ एकावर एक ठेवून भागत नाही. तारे ओळखून जुळवण्यापेक्षा हेडरमधल्या आकाशनिर्देशांकांवरून पायथनमध्ये पुनर्प्रक्षेपण करणं (सगळी चित्रं एकाच जाळीवर आणणं) मला जास्त भरवशाचं वाटतं. ०.९ मायक्रॉनला ठळक असलेला तारा ४.७ मायक्रॉनला मंद असू शकतो आणि उलटही, मग जुळवणारा प्रोग्राम गोंधळतो.

खरी मजा इथून पुढे. १९९५ साली जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी हबलने टिपलेलं खांबांचं चित्र आपण सगळ्यांनी भिंतीवर लावलंय. त्यात ऑक्सिजनचा प्रकाश निळा, हायड्रोजनचा हिरवा आणि गंधकाचा लाल दाखवला होता. हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरला आणि गंधक ६७३ ला, दोन्ही डोळ्याला लालच. तसेच ठेवले असते तर एकमेकांत मिसळून गेले असते. क्रम मात्र पाळलेला आहे: सर्वांत लांब तरंग लाल, सर्वांत आखूड निळा. वेबच्या चित्रांतही हाच नियम चालतो, फक्त सगळी पट्टी अवरक्तात सरकलेली. ‘हे रंग खोटे आहेत’ असं कुणी म्हटलं की मी त्याला हा क्रम समजावून सांगतो. निवड जरूर असते, पण तिच्यामागे हिशोब असतो.

एफ०९०डब्ल्यू आणि एफ४४४डब्ल्यू हे दोन फिल्टर (नावातला आकडा तरंगलांबीचा) आलटून पालटून पाहा, बाकी काही केलं नाही तरी चालेल. ०.९ मायक्रॉनला खांब अजून बऱ्यापैकी काळे, घट्ट. ४.४ मायक्रॉनला तेच खांब विरळ होतात आणि आत-मागे असलेले तारे लालसर होऊन बाहेर डोकावतात. धूळ आखूड तरंग जास्त अडवते हे पुस्तकात कितीदा तरी वाचलेलं असतं, इथे ते दोन क्लिकमध्ये डोळ्यासमोर येतं. चार-पाच प्रकाशवर्षं उंचीचे, ६५०० प्रकाशवर्षांवरचे हे खांब. आणखी एक गंमत: वेबच्या बहुतेक खोल चित्रांत मागे दीर्घिका विखुरलेल्या दिसतात, इथे एकही नाही. आपण आकाशगंगेच्या चकतीच्या दाट भागातून पाहतोय, मधला वायू आणि धूळ पलीकडचं सगळं झाकून टाकतात.

माझ्या मते या संचातला सर्वांत सुंदर थर एफ१८७एन. पाशेन-अल्फा ही आयनित हायड्रोजनची १.८७५ मायक्रॉनची वर्णरेषा त्यात येते. जमिनीवरून ती पकडणं महाकठीण, कारण आपल्या हवेतली वाफ ती जवळजवळ गिळून टाकते. एम१६मधल्याच एनजीसी ६६११ गुच्छातल्या तप्त ताऱ्यांचं अतिनील जिथे खांबाच्या पृष्ठभागावर आपटतं तिथे ही रेषा उजळते, आणि कडांवरून बाष्पीभवन होऊन उडणारे पापुद्रे स्पष्ट दिसतात. हा थर मी एकटाच करड्या रंगात छापून घेतलाय. रंगीत चित्रापेक्षा तो मला जास्त आवडतो, मित्रांना पटत नाही.

एफ३३५एममध्ये चमकतात ते पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजे चुलीच्या धुरात आणि गाडीच्या काजळीत सापडणाऱ्या रेणूंचेच भाऊबंद. एफ४७०एन मात्र हट्टी आहे. त्यात रेण्वीय हायड्रोजन दिसायला हवा, पण धुळीचा आणि ताऱ्यांचा सलग प्रकाशही त्यात मिसळलेला असतो. म्हणून एफ४४४डब्ल्यूला योग्य गुणकाने कमी करून त्यातून वजा केलं. गुणक ठरवायला खांबांपासून लांबचे, साधे तारे घेतले आणि ते नाहीसे होईपर्यंत आकडा हलवला. उरलेल्या चित्रात खांबांच्या टोकांजवळ गाठी आणि वळसे दिसू लागले: नुकतेच घडत असलेले तारे वायूचे फवारे सोडतात, ते आजूबाजूच्या ढगावर धडकतात त्याच्या खुणा. हे तारे काही लाख वर्षांचेच असावेत असा अंदाज आहे. हीच युक्ती एफ१८७एनसाठी एफ२००डब्ल्यू वापरून केली तर सावध राहा, कारण एफ२००डब्ल्यूच्या पट्ट्यात ती रेषा स्वतःच येते आणि वजाबाकीत थोडी खाल्ली जाते.

ताऱ्यांच्या मध्यभागी काळी भोकं दिसली तर घाबरू नका. डिटेक्टर तिथे तुडुंब भरलेला असतो आणि प्रक्रियेत तो पिक्सेल बाद ठरवला जातो. अरुंद फिल्टरमध्ये प्रकाश कमी येत असल्याने भोकं लहान असतात, तेव्हा शक्य तिथे तिथला आकडा उसना घेतला. मोठ्या ताऱ्यांना हाताने भरावंच लागलं. अधिकृत चित्र करणारे जोसेफ डीपास्क्वाले, अँटन कोकेमोअर आणि अलिसा पेगन यांच्याशी बरोबरी करायचा विचार नाही, पण त्यांचं चित्र शेजारी ठेवून स्वतःचं पाहिलं की कुठे हात सैल ठेवायचा ते कळतं. माझा हिरवा अजून जास्त आहे.

जाता जाता रुबिन वेधशाळेबद्दल. चिलीतल्या सेरो पाचोनवरच्या या ८.४ मीटरच्या दुर्बिणीची पहिली चित्रं २३ जून २०२५ ला आली, त्यातलं ट्रिफिड आणि लगून तेजोमेघांचं चित्र ६७८ छायाचित्रं जोडून केलेलं आहे, सारी मिळून सात तासांहून थोडा जास्त वेळ. आपल्याकडे मोसमी ढग जमतात त्याच दिवसांतलं हे आकाश, तिकडे हिवाळ्यात डोक्यावर. ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, सहा फिल्टर. वेब खांबाचं एक टोक दाखवतो, रुबिन अख्खा परिसर. मला दोन्ही हवेत, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला मी रुबिनचं चित्रच दाखवेन, कारण द्विनेत्रीतून दिसणाऱ्या आकाशाशी त्याचं नातं लगेच लागतं.

पुढचं काम मिरीच्या, म्हणजे वेबच्या मध्य-अवरक्त उपकरणाच्या, फायलींचं. मध्य-अवरक्तात बहुतेक तारे मावळतात आणि धूळच प्रकाशते, म्हणून त्या थराला या सहांच्या वर कसा बसवायचा हा प्रश्न आहे. त्याआधी ताऱ्यांशिवायची आवृत्ती करायची आहे. स्टारनेट हा प्रोग्राम तारे काढतो, पण वेबच्या षट्कोनी आरशांमुळे येणारे सहा मोठे आणि दुय्यम आरशाच्या आधारदांड्यामुळे येणारे आडवे दोन बारीक किरण अर्धवट शिल्लक राहतात, एफ२००डब्ल्यूमध्ये सर्वांत जास्त. तुमच्यापैकी कुणी ते साफ करण्याची पद्धत बसवली असेल तर कुठल्या टप्प्यावर करता ते सांगा, ताण देण्याआधी की नंतर. मी दोन्ही करून पाहतोय, आधी केलेलं सध्या तरी बरं दिसतंय.