पाठ टेकली

रविवार, १९ जानेवारी २०२५
रात्रीचे पावणेबारा

हाताला अजून खोबरेल तेलाचा वास येतोय. दोनदा साबण लावून झाला. झोप काही लागत नाही म्हणून वही घेऊन बसले. (तोंडानं 'बसलो' म्हणते, कोल्हापूरच्या समद्या पोरींसारखी. लिहायला लागलं की मात्र शाळेतल्या बाई आठवतात.)

काल दादाच्या ग्रुपचा महोत्सवातला प्रयोग झाला. नाचणारे सहा जण, मी साऊंडवर. सगळ्यात मोठा दादा, सत्तावीसचा. सगळ्यात धाकटी एकोणीसची, इचलकरंजीहून रोज एस.टी.नं येते. आमच्या आधी एक भरतनाट्यम, एक कथक, मग फिल्मी गाण्यांवरचा एक ग्रुप. त्यांना शिट्ट्या पडल्या, वन्स मोअर झाला. आणि मग आम्ही. बावीस मिनिटांचा नाच, त्यात पहिली चार मिनिटं गाणंच नाही. नुसता श्वास आणि पावलांचा आवाज. तिसऱ्या मिनिटाला मागून कोणतरी ओरडलं, "ओ, आवाज सोडा की!" सगळे वळून माझ्याकडं बघायला लागले. मी मान खाली घालून लॅपटॉपवर काहीतरी करत असल्यासारखं दाखवलं.

पण खरी कथा गुरुवारपासूनची आहे. गुरुवारी हॉल बघायला गेलो आणि दादानं स्टेजवर एक उडी मारली, खाली आला आणि नडगी धरून बसलाच. खाली कोबा, वर फरशी. लाकडी स्टेज असलं की फळी जराशी दबते, पायाला परत वर ढकलते. फरशी काही घेत नाही, सगळा दणका नडगीत आणि गुडघ्यात जातो. अनवाणी नाचणाऱ्याला हे पहिल्या उडीतच कळतं. आयोजकांना सांगितलं, तर म्हणाले, कालच इथं लावणी झाली की, कुणी तक्रार केली नाही.

केशवराव भोसले नाट्यगृह असतं तर हा प्रश्नच आला नसता, असं त्या दिवशी निदान चारदा कुणी ना कुणी म्हणालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ ला सुरू झालेलं थिएटर, आणि गेल्या ८ ऑगस्टला रात्री आतून सगळं जळून गेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्या रात्री आम्ही पण गेलो होतो, अर्धं कोल्हापूर तिथं उभं होतं. दादानं पाचवीत असताना गॅदरिंगला पहिल्यांदा नाच केला तो त्याच स्टेजवर. तो काही बोलला नाही, नुसता धुराकडं बघत राहिला. पाठीला पाठ लावून खासबागचं मैदान. एका बाजूला नाटक आणि एका बाजूला कुस्ती, असा महाराजांचा हिशेब. आमच्या घरातही तोच हिशेब, फक्त मधे भिंत जरा जास्त जाड आहे.

आबा पैलवान होते. म्हणजे नाव गाजलेले नव्हेत, गावोगावच्या जत्रेत लढणारे. खासबागेत एकच मोठी कुस्ती लढले आणि ती हरले. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. दादानं तालीम सोडून नाच धरला तेव्हा ते रागावले नाहीत, चिडले नाहीत. त्यांनी फक्त त्याचा खुराक बंद केला. सकाळचं बदाम-दूध एक दिवस ताटाशेजारी आलंच नाही. आईनं दुसऱ्या आठवड्यात गुपचूप परत सुरू केलं, ते आबांना माहीत आहे आणि त्यांना माहीत आहे हे आईलाही.

तर फरशीवर उपाय म्हणून मीच म्हटलं, तालमीतली मॅट आणू. आजकाल मातीबरोबर मॅटवरही सराव असतो, त्यामुळे मॅट आहे. पण मागायचं कोण? वस्ताद आबांचे जुने जोडीदार. शेवटी मी आबांना म्हटलं. त्यांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "किती दिवसांसाठी?" एवढंच. शुक्रवारी सकाळी तालमीच्या दारात टेम्पो उभा. मी कट्ट्यावरच थांबले, आत लाल मातीत बायकांनी पाय ठेवायचा नाही ही तिथली रीत. मला ती पटत नाही, आता पोरीही कुस्ती खेळतात. पण मी मॅट मागायला गेले होते, भांडायला नव्हे.

मॅटनं एक प्रश्न सुटला आणि दुसरा आला. मॅट मऊ, पाऊल रुततं. गिरकी घ्यायला गेलं की अंग फिरतं, पंजा तिथंच राहतो आणि गुडघा पिळवटतो. म्हणून शुक्रवारी रात्री दीड वाजेपर्यंत बसून दादानं नाच परत बांधला. पडायचं सगळं मॅटवर, गिरक्या फरशीवर, उड्या सरळ कापल्या. माझ्या मते त्यानं नाच सुधारला. आधी उड्या जरा जास्तच होत्या, आम्हाला बघा काय काय येतं अशा थाटातल्या. त्याला हे सांगितलं तर "तू साऊंड बघ" म्हणाला.

समकालीन नृत्यात पडायलाच आधी शिकवतात. श्वास सोडायचा, गुडघे सैल करायचे, मांडीच्या बाजूनं, कमरेवरून, मग पाठीवरून खांद्यापर्यंत अंग जमिनीला देत जायचं. मनगटावर किंवा माकडहाडावर यायचं नाही. १९७२ साली अमेरिकेत ओबर्लिन कॉलेजच्या जिममध्ये स्टीव्ह पॅक्स्टन या नर्तकानं पोरांना कुस्तीच्या मॅटवरच एकमेकांवर आदळायला, पडायला, लोळायला लावलं होतं, आणि शेवटी काही मिनिटं नुसतं उभं राहायला. त्यातूनच पुढं एकमेकांच्या अंगावर वजन टाकून नाचायची अख्खी पद्धत निघाली. दादानं हे सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. म्हणजे आम्ही जुगाड म्हणून केलं ते आधीच होऊन गेलेलं. आपल्याकडंही नृत्यांगना चंद्रलेखांनी भरतनाट्यमला कळरी (केरळची युद्धकला) आणि योग जोडले, नर्तक अस्ताद देबूंनी मणिपूरच्या थांग-ता (तिथली तलवार-भाल्याची युद्धकला) करणाऱ्यांबरोबर काम केलं. दादाला कुणी विचारलं, तुमच्यात कोल्हापूरचं काय, तर तो धाकटीला खांद्यावर आडवं घेऊन दाखवतो. कुस्तीतला कलाजंग डाव. फरक इतकाच की आपटत नाही, हळूच खाली ठेवतो.

पण एक गोष्ट त्याला सांगून कळणार नाही, कारण ती त्याच्यासाठी संपलेली आहे. कोल्हापुरात पाठ टेकणं म्हणजे हरणं. दोन्ही खांदे मातीला लागले की चितपट, पुढं काही नाही. आणि याच्या नाचात बाराव्या मिनिटाला हा स्टेजच्या अगदी पुढं येऊन पाठीवर पडतो आणि दीड मिनिट तसाच राहतो. बाकीचे पाच जण त्याच्या अंगावरून ओलांडून जातात.

आबा आले होते. तिसऱ्या रांगेत, कडेला. साऊंडच्या टेबलावरून मला ते बाजूनं दिसत होते, स्टेजवरचा निळा उजेड गालावर. हात मांड्यांवर, बोटं पसरलेली. दादा खाली गेला, आधी कंबर, मग पाठ. आणि आबांचा उजवा खांदा खुर्चीच्या पाठीवरून सुटला. इंचभर. मान ताठ, हनुवटी वर, खालचा गडी खांदा वाचवायला उचलतो ना, तसा. दीड मिनिट तो खांदा तसाच अधांतरी. मी पुढचं संगीत चार सेकंद उशिरा सोडलं. कुणाला कळलं नाही, दादाला कळलं.

त्यानंतर गोंधळ झाला. मॅट आणि फरशीच्या सांध्यावर लावलेली पांढरी चिकटपट्टी सुटली आणि धाकटीच्या टाचेला चिकटली. हातभर लांब. ती गिरकी घेतेय आणि मागं पट्टी फिरतेय. दोनदा दुसऱ्या पायानं काढायचा प्रयत्न केला, निघेना. मग पोरगी हुशार, तिनं ती पट्टी सरळ नाचातच घेतली, ओढत चालायला लागली. प्रयोगानंतर प्रश्नोत्तरं होती. जाकीट घातलेले एक काका माईक घेऊन उठले, "ती पांढरी पट्टी म्हणजे परंपरेचं बंधन समजायचं का?" दादा म्हणाला, "तुम्हाला काय वाटलं?" काका खूश. मागं धाकटी तोंडावर ओढणी दाबून हसत होती. आपण जे जीव तोडून बसवतो ते कुणाला दिसत नाही आणि चिकटपट्टी दिसते. असो, आम्हाला काल टाळ्या मिळाल्या त्यात पट्टीचा वाटा मोठा.

त्याच पट्टीचा डिंक आज सकाळपासून घासतेय. मॅट साफ करून परत करायची असं आबांचं फर्मान. मी पेट्रोलचं फडकं काढलं तर ओरडले, "कातडं जळंल तेचं. खोबरेल लाव, मग साबणाचं पाणी." अंगणात दोघंच होतो. ते बादलीतून पाणी टाकत होते, मी घासत होते. दादा क्लासवर.

मी विचारलं, "आबा, काल कसं वाटलं?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "डावा खांदा आधी पडतोय तेचा. दोन्ही एकदम येत न्हाईत. मार बसणार तितं."

"मग सांगा की तुम्हीच."

"मी कशाला? तू सांग."

संध्याकाळी टेम्पो तालमीत गेला. दोन जागी डिंक राहिलाच होता. मी वस्तादांना म्हटलं, उद्या येऊन काढते. त्यांनी हाताळून बघितलं, आत गेले, आखाड्यातली मूठभर लाल माती आणली आणि त्या दोन डागांवर चोळली. बोट लावून बघितलं. आता चिकटत नव्हतं.

डाव्या खांद्याचं दादाला अजून सांगितलेलं नाही. चार सेकंदांवरून तो कालपासून माझ्याशी बोलत नाहीये.