हानेदाला उतरल्यावर वाढलेला एक किलो

कुस्तीचा संघ परदेशी न्यायचा म्हणजे फिजिओचं निम्मं काम घर सोडण्याआधीच उरकावं लागतं. जपानला जाताना पहिल्यांदा उघडायचा तो औषधांचा डबा. आपल्याकडे सर्दीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. त्याचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असेल तर ते औषध जपानमध्ये नेताच येत नाही. खोकल्याच्या औषधांतल्या कोडीनची मर्यादा १ टक्का. टक्केवारीचा हिशोब करत बसण्यापेक्षा ही औषधं आम्ही सरळ घरीच ठेवायला लावली; स्पर्धेच्या काळात स्यूडोएफेड्रिनवर डोपिंगचंही बंधन आहेच. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं परवानगीशिवाय एका महिन्यापुरतीच नेता येतात, तीही स्वतःसाठी. म्हणून संघाची एकच मोठी पेटी न करता ज्याची औषधं त्याच्या बॅगेत, सोबत चिठ्ठी, असं केलं.

मग खुराक. सुकं मटण, चिकनचं लोणचं, ताजी लिंबं, कढीपत्ता हे सगळं काढलं. मांस शिजवलेलं असो की वाळवलेलं, जपानच्या कस्टममधून ते सुटत नाही. थंडाईची पूड मात्र मी वेगळ्या कारणासाठी काढली. तिच्यात खसखस असते आणि खसखशीतून मॉर्फिनचा अंश लघवीत उतरून डोपिंग चाचणीत सापडू शकतो. वस्तादांना हे पटायला वेळ लागला, पण पटलं.

यंत्रांचंही बघावं लागतं. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आणि प्लगला दोन चपट्या पिना. मोबाईलचे चार्जर बहुधा चालतात, पण विजेच्या लहरींनी दुखणं कमी करणारं २३० व्होल्टचं आयएफटी मशीन ट्रान्सफॉर्मरशिवाय चालत नाही. आपली १५०० वॅटची किटली तिथे तीनशे वॅटसुद्धा देत नाही. पाणी उकळायला अर्धा तास बघत बसायचं. त्यामुळे टेन्स, म्हणजे तशाच कामाचं सेलवर चालणारं छोटं यंत्र, आणि टेप एवढंच घेतलं. थंड स्प्रेच्या डब्यातला वायू पेट घेणारा असतो, तो विमानात नकोच. टोकियोत कुठल्याही कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, पिशवीबंद बर्फ मिळतो.

कोल्हापूर ते पुणे रस्त्याने, पुण्याहून दिल्ली, आणि दिल्लीहून रात्री आठचं विमान. ते सकाळी सातच्या सुमारास टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरतं. केबिनमधली हवा फार कोरडी, आर्द्रता १० ते २० टक्के. १२५ किलोच्या पैलवानाला मधली सीट दिली तर तो पाय हलवूच शकत नाही, म्हणून जड गटातले सगळे कडेच्या सीटवर. दर तासाला पेलाभर पाणी, पोटऱ्यांच्या तीस उचली आणि जागा असेल तेव्हा एक फेरी. लोणचं, खारे दाणे, टोमॅटोचा रस बंद. एवढं सांगूनही निम्मी मुलं गाढ झोपली, आणि झोपलेल्या पैलवानाला पाण्यासाठी उठवायला माझं मन झालं नाही. झोपही हवीच असते.

इमिग्रेशनला बोटांचे ठसे घेतात. बोटांची टेप आधीच सोडून ठेवायची. तरीही दोघांचे ठसे मशीन घेईना. मॅटवर घासून बोटांची कातडी गुळगुळीत झालेली. ओल्या टिश्यूने पुसून, बोट जरा दाबून धरल्यावर जमलं.

हॉटेलच्या खोल्या मिळणार दुपारी तीनला. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी हाच नियम, त्यामुळे सकाळी उतरणाऱ्या संघाने हे आठ तास आधीच आखून ठेवावेत. सामान लॉबीत ठेवलं. तेवढ्यात ६५ किलो गटातला मुलगा बॅगेतला काटा काढून त्यावर उभा राहिला. आकडा आला ६८.३. कोल्हापूर सोडताना तो ६६.८ होता.

"डॉक्टर, काटा बिघडलाय काय?"

काटा गालिच्यावर ठेवला होता, आणि गालिच्यावर डिजिटल काटा हमखास चुकतो. तो दाराजवळच्या फरशीवर नेला. पाण्याच्या दोन लिटरच्या सहा बाटल्या ठेवून पाहिलं, १२ किलोच्या किंचित वर. काटा ठीक होता. मुलगा पुन्हा चढला. ६७.९.

"मग आत्ताच पळतो. दोन जर्किन घालतो वर."

पॅरिसमध्ये २०२४ साली विनेश फोगाट वजन १०० ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरली, तेव्हापासून ही भीती मुलांच्या अंगातच बसली आहे. मी त्याला बसवलं, मोजे काढायला लावले. इलॅस्टिकचा वळ घोट्यावर खोल उमटला होता. नडगीवर अंगठा दाबून धरला, खळगा पडला आणि लगेच भरला नाही. वाढलेला किलो बराचसा इथे होता. तासन्‌तास पाय खाली सोडून बसल्यावर रक्तातलं पाणी झिरपून पायाच्या मांसात उतरतं. त्यात विमानातल्या जेवणाचं मीठ आणि दोन दिवस साफ न झालेलं पोट. गंमत अशी की त्याच वेळी ओठ सुकलेले आणि लघवी गडद पिवळी. म्हणजे पायात पाणी जास्त आणि रक्तात कमी. अशा वेळी जर्किन घालून पळवलं तर घाम येतो तो रक्तातल्या पाण्याचा. चक्कर येते, पेटके येतात, आणि शरीर पुढचे दोन दिवस पाणी आणखी धरून ठेवतं. स्पर्धा पाच दिवसांवर होती.

वस्तादांनी काटा उचलून स्वतःच्या बॅगेत टाकला. "उद्या सकाळपर्यंत कुणी काट्याचं नाव काढायचं नाही."

जवळच कोमाझावा ऑलिंपिक पार्क. तिथे २ किलोमीटरहून थोडी मोठी धावपट्टी आहे. तिच्यावर सगळे नुसते चालले. १९६४च्या ऑलिंपिकच्या कुस्त्या इथल्याच जिम्नॅशियममध्ये झाल्या, आणि कोल्हापूरच्या तालमीतले हिंदकेसरी गणपतराव आंदळकर त्यात उतरले होते. हे कळल्यावर कोल्हापूरची पोरं इमारतीसमोरून हलेचनात.

सकाळच्या उन्हाचा आणखी एक उपयोग होता. जपान आपल्यापुढे साडेतीन तास. तालमीत साडेचारला उठणाऱ्या मुलाचं शरीर टोकियोच्या आठला जागं होतं. त्या वेळेच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. त्यानंतर मिळालेला उजेड शरीराचं घड्याळ पुढे ओढतो, आधी मिळालेला मागे. म्हणून या मुलांना नऊचं ऊन फायद्याचं. घरी सकाळी साडेसातला उठणाऱ्याने मात्र पहिल्या दिवशी नऊपर्यंत काळा चष्मा लावावा.

दुपारी भात, उकडलेली अंडी, केळी, दही. मिसो सूप आणि सोया सॉस पहिले दोन दिवस वर्ज्य. एक मोठा चमचा सॉसमध्येच अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ जातं. शाकाहारी मुलांना वेगळं सांगावं लागतं: साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो. खोल्या मिळाल्यावर वीस मिनिटं पाय भिंतीला लावून पडायचं, पण झोपायचं नाही. ज्यांनी चारला डोळा लावला ते रात्री एकपर्यंत जागे होते.

संध्याकाळी मॅटवर चाळीस मिनिटं, अंग मोकळं करण्यापुरतं. हॉलमध्ये बाहेरचे बूट चालत नाहीत, आतले वेगळे लागतात. रात्रीपर्यंत सगळ्यांची लघवी फिकट झाली होती. माझ्या वहीत तेवढीच एक नोंद महत्त्वाची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोट साफ झाल्यावर, फरशीवर काटा. ६६.९. उरले १.९ किलो आणि चार दिवस. त्यासाठी रोजचा भात मुठीने कमी करणं पुरणार होतं, शेवटचे सातशे ग्रॅम आदल्या संध्याकाळच्या सरावात. त्याचा तक्ता वस्तादांनी आणि मी नाश्त्याच्या टेबलावरच लिहून काढला.