बरगडीखालची कळ, गहू आणि कानबाईचे रोट

शनिवार, रात्र

डाव्या बरगडीच्या शेवटच्या हाडाखाली, आतून कुणीतरी अंगठा दाबून धरावा तशी कळ. जेवणानंतर तास-दीड तासानं सुरू व्हायची, पाठीकडे सरकायची, कधी वर छातीत चढायची. पोट तट्ट फुगायचं, साडीची गाठ सैल करावी लागायची. शाळेत फळ्यावर गणित लिहिताना डावा हात बरगडीवर दाबून मी कितीतरी तास काढलेत. मुलांना वाटायचं, बाईंची ती सवयच आहे.

डाव्या बाजूला दुखतं म्हटल्यावर घरात सगळ्यांच्या मनात आधी हृदयच आलं, आणि ते योग्यच होतं. छातीतलं दुखणं अंगावर काढू नये. ईसीजी नीट आला, सोनोग्राफी नीट आली. मग कुणी पित्त म्हणालं, कुणी नस दबली म्हणालं, कुणी टेन्शन. पित्ताच्या गोळ्या झाल्या, कळ होती तिथंच.

जळगावच्या पोटाच्या डॉक्टरांनी आधी माझ्या बरगड्या एकेक करून दाबून पाहिल्या. दाबल्यावर दुखलं असतं, तर बरगडी छातीच्या हाडाला जिथं मिळते तिथली सूज, किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं मऊ पडलेली हाडं, या बाजूनं त्यांनी शोध घेतला असता. माझं दाबून दुखत नव्हतं. मग त्यांनी कागदावर आतडं काढून दाखवलं. मोठं आतडं उजवीकडून वर चढतं, पोटात आडवं जातं आणि डाव्या बरगड्यांच्या आत, प्लीहेजवळ, एकदम खाली वळतं. त्या वळणाला वायू अडकला की दुखतं आतडं, पण जाणवते बरगडी. तो कागद मी अजून वहीत ठेवलाय. इतके दिवस कुणी ‘तुझ्या मनाचं आहे’ म्हटलं की रडू यायचं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या कळेला जागा मिळाली.

काय खाते ते रोज लिहून ठेवायला सांगितलं होतं. लिहिता लिहिता समोर आलं की कळ पोळीच्या दिवसाची आहे. दाल-बट्टी झाली की हमखास. भाकरीच्या दिवशी क्वचित.

“मग गहू बंद करू का?” मी विचारलं.

“आत्ता मुळीच नाही. आधी रक्त.”

एवढंच नीट लिहून ठेवायला मी आज बसलेय. सीलिॲक नावाचा आजार असतो. गहू, जव आणि राय (मोहरीची राई नव्हे, गव्हासारखं एक धान्य) यांतलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्न शोषून घेणारे तिथले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. मग लोह अंगी लागत नाही, कॅल्शियम लागत नाही. जगात १०० माणसांत साधारण एकाला हा आजार असतो. तो ओळखायची पहिली पायरी म्हणजे रक्तातली टीटीजी-आयजीए तपासणी, या आजारात तयार होणारी प्रतिद्रव्यं मोजणारी. ती वाढलेली आली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून पाहतात. पण गहू सोडला की रक्तातली ती प्रतिद्रव्यं हळूहळू उतरतात, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि आजार आत तसाच. म्हणून तपासणीआधी किमान ६ आठवडे रोज गहू पोटात जायला हवा. दुखत होतं तरी मी पोळी खात राहिले. सोपं नव्हतं.

टीटीजी नॉर्मल आली. एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारची रक्तातली सगळी प्रतिद्रव्यं, तेसुद्धा पाहिलं, कारण तेच मुळात कमी असेल तर टीटीजी फसवी नॉर्मल दिसते. गव्हाची ॲलर्जीही नव्हती. त्यानंतर डॉक्टरांनी गहू बंद करायला लावला. कळ ओसरली. मग त्यांच्याच सांगण्यावरून पुन्हा सुरू केला, आणि ती परत आली. सीलिॲक नसलेली ग्लुटेन संवेदनशीलता, असं त्यांनी फाइलवर लिहिलं. हिच्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी नाही. बाकीचं सगळं वगळत वगळतच तिथं पोचायचं.

आणि खरा दोषी ग्लुटेनच आहे, हेही अजून पक्कं नाही. गव्हात फ्रुक्टान नावाची एक शर्करासाखळी असते. ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि वायू करते. नॉर्वेत झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या, सीलिॲक नसलेल्या ५९ जणांना त्यात कळू न देता आळीपाळीनं ग्लुटेन आणि फ्रुक्टान दिलं गेलं. जास्त त्रास फ्रुक्टाननं झाला. फ्रुक्टान कांद्यात आहे, लसणातही भरपूर आहे. आपल्या खानदेशात काळ्या मसाल्याची शेवभाजी, भरीत, ठेचा यांतून कांदा-लसूण काढला तर उरतं काय! तरी वही खोटं बोलत नाही. शेवभाजीबरोबर कच्चा कांदा जास्त झाला त्या रात्रीही बरगडी जागी झालेली दिसते, आणि त्या दिवशी मी भाकरच खाल्लेली असते. डॉक्टर म्हणतात, एका वेळी एकच गोष्ट बदल आणि लिहीत राहा.

गहू सोडून जेवायला मात्र आपल्याकडे काही अडत नाही. ज्वारीची भाकर, कळण्याची भाकर, बाजरी, पातोडी, डुबुकवडे, ज्वारीचे बिबडे. अडतं ते न दिसणाऱ्या गव्हाशी. हिंगाची डबी मी आयुष्यभर वापरली. परवा तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली तर त्यात गव्हाचं पीठ. बहुतेक बांधानी हिंगात मैदा किंवा कणीक असते, तांदळाच्या पिठाचा हिंग मुद्दाम शोधावा लागतो. कुरडईवरून तर घरात वादच झाला. चुलत सासूबाईंचं म्हणणं, तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून नुसता चीक घेतो, त्यात गहू उरला कुठं? पण चिकातही ग्लुटेन थोडं राहतंच.

रविवार, रात्री उशिरा

आज कानबाई, आमची खानदेशातली देवी, घरात बसली. नागपंचमीनंतरचा रविवार. सगळी भाऊबंदकी आली, घरात पाय ठेवायला जागा नाही. बाहेर गाणी चालू आहेत, मी जरा आत येऊन लिहितेय.

दुपारी आईंनी (सासूबाईंनी) खापरावर पुरणपोळ्या केल्या. पंच्याहत्तरी ओलांडली तरी तो हात तसाच. कणकेचा मऊ, तेलात लडबडलेला गोळा, आत पुरण. तो त्या दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवतात, पलीकडची बोटं दिसतील इतका पातळ, आणि पालथ्या खापरावर अलगद टाकतात. फाटत नाही. आज मला पहिल्यांदा कळलं की मी ग्लुटेनच पाहतेय. पाणी आणि मळणं मिळालं की गव्हातली प्रथिनं एकमेकांत गुंतून जी ताण धरणारी जाळी विणतात, तीच त्यांच्या कोपरावर झुलत होती. ज्वारीत ती नाही, म्हणून पिठात कढत पाणी घालून, थापूनच भाकर करावी लागते. मला या पोळीचा राग येत नाही. लहानपणापासून आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरसाबरोबर हीच खाल्लीय.

“आमच्या वेळी कुठं होतं असलं दुखणं?” आईंनी विचारलं. मी सांगितलं, होतं, पण कारण कुणाला ठाऊक नव्हतं. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. गव्हावर त्यांचा संशय आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथं युद्धामुळे उपासमार झाली, पाव मिळेना, आणि सीलिॲकची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी ते प्रबंधात मांडलं. आईंनी बहात्तरच्या दुष्काळात लाल मिलोच्या (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी खाल्ल्यात. दुष्काळात काय मिळतं आणि काय नाही, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

रोटाची मला धास्ती होती. कानबाईच्या प्रसादाचे रोट गव्हाचे, आणि ते घरच्यांनीच खाऊन संपवायचे. नाही म्हणणं म्हणजे या घरची नाही म्हणण्यासारखं. आईंनी माझ्या ताटात नखाएवढा तुकडा ठेवला, शेजारी तांदळाची खीर आणि गंगाफळाची भाजी. म्हणाल्या, “एवढंच घे. कानबाईले समदं समजस.” मी तो घास खाल्ला. मला तो खाता आला, कारण मला सीलिॲक नाही हे तपासून ठाऊक होतं. माझ्यासारखीचं अशा घासानं फार तर पोट फुगेल; सीलिॲक असणाऱ्याचं आतडं तेवढ्यानंही दुखावतं. त्याला चिमूटभर प्रसादही चालत नाही, आणि त्यात देवाचा अपमान नाही.

सोमवार

विसर्जनाहून येताना जाऊबाईंनी गाठलं. त्यांची धाकटी आठवीत आहे, वर्गात सगळ्यांत लहान दिसते. हिमोग्लोबिन वर्षभर आठ-नऊच्या पुढं जात नाही, लोहाच्या गोळ्या चालूच असतात, पोट अधूनमधून बिघडतं. “तुमचं बघून हिचापण गहू बंद करते उद्यापासून,” त्या म्हणाल्या.

मी त्यांचा हातच धरला. माझ्या कळेपेक्षा या पोरीचं लक्षण मला जास्त गंभीर वाटतं. न वाढणारी उंची आणि गोळ्यांना न जुमानणारा रक्तक्षय, या दोन्हींमागे सीलिॲक असू शकतो. दुसरंही काही असेल, ते डॉक्टर ठरवतील. पण आज गहू थांबवला तर रक्त खोटं बोलेल. आणि सीलिॲक निघाला तर गहू आयुष्यभर सोडायचा आहे, सणावारासकट. अंदाजावर एवढं ओझं मुलीच्या डोक्यावर टाकता येत नाही.

जाऊबाई विचारत राहिल्या, रोज पोळी द्यायची? डब्यातसुद्धा? दुखलं तरी? हो, सगळ्या तपासण्या पुऱ्या होईपर्यंत सगळं आहे तसं. फार दुखलं तर डॉक्टरांना फोन करायचा, मनानं बंद करायचं नाही. मी माझी फाइल त्यांना दिली, तपासण्यांची नावं कागदावर लिहून दिली: टीटीजी-आयजीए, एकूण आयजीए, ‘ड’ जीवनसत्त्व, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा). गुरुवारी मी अर्धी रजा टाकलीय. सकाळच्या एसटीनं आम्ही तिघी जळगावला जाऊ. उरलेले रोट संपवायचं काम आईंनी तोवर त्या पोरीवर सोपवलंय.