सव्वा लाखाचे स्टेडियम निम्म्यावर का आले?

बरीच वर्षे कोलकात्यात राहिल्यामुळे फुटबॉलचा विषय निघाला की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. सॉल्ट लेक स्टेडियममध्ये पूर्वी सव्वा लाख माणसे मावत, आता सुमारे ६८,००० मावतात. मग याला नूतनीकरण कसे म्हणायचे? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खाऱ्या पाणथळ जमिनीत हुगळीच्या पात्रातला गाळ भरून जे नवे उपनगर उभे राहिले, त्यात हे स्टेडियम आहे. विवेकानंद युवा भारती क्रीडांगण हे त्याचे पूर्ण नाव; बंगाली माणूस नुसते ‘युवभारती’ म्हणतो. जानेवारी १९८४ मध्ये नेहरू चषक स्पर्धेने ते खुले झाले. त्याआधी चारच वर्षांपूर्वी, १६ ऑगस्ट १९८० रोजी, ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्याच दोन प्रतिस्पर्धी फुटबॉल क्लबांच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ जणांचा जीव गेला होता. क्षमतेचा आकडा ऐकताना मला ही घटना नेहमी आठवते.

१३ जुलै १९९७ रोजी याच दोन संघांमधील फेडरेशन चषकाच्या उपान्त्य सामन्याला १,३१,७८१ प्रेक्षक होते. भाईचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगालने सामना ४–१ असा जिंकला. हा आकडा शहराने आजही उराशी जपला आहे आणि तो जपण्यासारखा आहेच. पण ती माणसे बसत कशी होती, हेही सांगायला हवे. काँक्रीटच्या लांबलचक पायऱ्यांवर वर्तमानपत्र अंथरायचे, मागच्याचे गुडघे पाठीत आणि आपले पुढच्याच्या पाठीत, आणि शेजारी आणखी कोणी आले की सगळ्या रांगेने चार बोटे सरकायचे. पायरीला क्रमांक नसतो, त्यामुळे ‘भरली’ असे कोणी कधी म्हणतच नाही. मध्यंतरात पाण्यासाठी उठलेला माणूस पुन्हा आपल्या जागेवर पोहोचेल, याची शाश्वती नसे.

२०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी स्टेडियमचे काम निघाले, तेव्हा हीच पायरी मोडीत निघाली. फिफाच्या नियमांप्रमाणे प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र, पक्की बसवलेली, क्रमांकाची आणि पाठ टेकता येईल अशी खुर्ची द्यावी लागते. माणसामागे ठरावीक रुंदी आणि येण्याजाण्याच्या मोकळ्या वाटा धरल्या की आकडा आपोआप खाली येतो. ज्या जागेत आपण पूर्वी दाटीवाटीने कोंबले जात होतो, तेवढीच ती घट आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

माझ्या दृष्टीने त्याहून मोठे काम मैदानावर झाले. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगचा पहिलावहिला सामना येथे झाला, तो कृत्रिम गवतावर. त्यावर चेंडूची उसळी वेगळी असते, उन्हात पृष्ठभाग तापतो आणि घसरून पडलेल्या खेळाडूची कातडी सोलून निघते. विश्वचषकापूर्वी ते उखडून खरे गवत लावण्यात आले. मैदान बंद असल्यामुळे २०१६ च्या हंगामात या लीगमधला कोलकात्याचा संघ रवींद्र सरोवरच्या लहानशा स्टेडियममध्ये खेळला, आणि त्या वर्षी गैरसोय झाली म्हणून कुरकुरणाऱ्यांत मीही होतो.

२८ ऑक्टोबर २०१७ रोजी त्याच गवतावर इंग्लंडने दोन गोलांच्या पिछाडीवरून स्पेनला ५–२ असे हरवले. त्या अंतिम सामन्याला ६६,६८४ प्रेक्षक होते, म्हणजे स्टेडियम जवळजवळ भरलेले होते.

एक उणीव मात्र राहिली. मैदानाभोवतीची धावपट्टी तशीच आहे, त्यामुळे गोलजाळ्यामागे बसणाऱ्याला समोरच्या टोकाचा खेळ आजही दुरूनच पाहावा लागतो. कमी झालेल्या खुर्च्यांबद्दल नव्हे, तर या अंतराबद्दल तक्रार करायला हवी, असे मला वाटते.