ट्रॅकमध्ये एकाच लॉगिनची परवानगी काढताना : माझा अनुभव

ट्रॅक म्हणजे प्रोजेक्टमधल्या कामांच्या आणि चुकांच्या नोंदी (टिकेटं) ठेवणारी वेबवरची प्रणाली. काम एवढंच होतं: एका लॉगिनला टिकेटं वाचता यावीत, पण बदलता येऊ नयेत. ट्रॅक बसवणं, पासवर्डची फाइल, वेब सर्व्हर या सगळ्यात काहीच अडलं नाही, म्हणून ते सोडून देतो.

ट्रॅक-अ‍ॅडमिन या सर्व्हरवर चालवायच्या कमांडमध्ये 'परमिशन रिमूव्ह', पुढे लॉगिनचं नाव आणि 'टिकेट_मॉडिफाय' (टिकेट बदलण्याची परवानगी; परवानग्यांची नावं टाइप करताना सगळी रोमन कॅपिटलमध्ये) असं दिलं. चक्क नकार! या नावाला ती परवानगी थेट दिलेलीच नाही, म्हणे. नुसतं 'परमिशन लिस्ट' केलं तर खरंच त्या नावाची एकही ओळ नाही. त्याच कमांडपुढे लॉगिनचं नाव लावलं की मात्र टिकेट_मॉडिफाय समोर हजर. डोकं फिरतं ते इथे. याद्या दोन्ही खऱ्याच आहेत: पहिलीत दिलेल्या नोंदी जशाच्या तशा दिसतात, दुसरीत गट उलगडून त्या माणसाला प्रत्यक्षात काय करता येतं ते. आधी दुसरी यादी पाहायची आणि मग ती परवानगी कुठून आली ते पहिलीत शोधायचं, हा क्रम कोणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं.

येते ती 'ऑथेंटिकेटेड'मधून. हा गट आणि 'अ‍ॅनॉनिमस' (लॉगिन न केलेल्यांचा) हे ट्रॅकमध्ये जन्मजात असतात. लॉगिन केलेला प्रत्येकजण न विचारता ऑथेंटिकेटेडमध्ये जातो आणि अ‍ॅनॉनिमसला दिलेलंही सगळं त्याला मिळतं. नव्या प्रोजेक्टमध्ये ऑथेंटिकेटेडकडे टिकेट_क्रिएट आणि टिकेट_मॉडिफाय असतातच. त्यात परवानग्यांचा हिशेब नुसता बेरजेचा. वजाबाकी नाही. 'सगळ्यांना चालेल, फक्त याला नको' हे इथे सांगताच येत नाही.

म्हणून उलटीकडून जावं लागतं. 'परमिशन अ‍ॅड डेव्हलपर टिकेट_मॉडिफाय' केलं की गट तयार; वेगळा बनवावा लागत नाही. मग 'परमिशन अ‍ॅड', लॉगिनचं नाव, 'डेव्हलपर' असं एकेकाला आत घ्यायचं. गटाचं नाव स्मॉल अक्षरांत, कारण पूर्ण कॅपिटल नावं परवानग्यांसाठी राखीव आहेत. ते एक लॉगिन सोडून बाकी सगळे आत आल्यावरच ऑथेंटिकेटेडमधून टिकेट_मॉडिफाय काढा. आधी काढलंत तर सगळ्यांचंच काम ठप्प. आणि टिकेट_मॉडिफायच्या पोटात टिकेट_अपेंड असतं, त्यामुळे प्रतिक्रिया लिहिणंही बंद होतं. ती चालू हवी असेल तर अपेंड वेगळं द्या.

हे सगळं सुरू करण्याआधी करायची गोष्ट आत्ता आठवली: स्वतःला 'ट्रॅक_अ‍ॅडमिन' ही सगळं करू देणारी परवानगी देऊन ठेवा. वेबवरून चुकून तेही काढलं गेलं तर घाबरू नका, सर्व्हरवरची कमांड परवानगी तपासत नाही.

एखाद्याच टिकेटापुरती बंदी हवी असेल तर 'ऑथझ-पॉलिसी' (वेगळ्या फाइलमधले नियम वाचून हो-नाही ठरवणारा ट्रॅकचा भाग) लागते. ती ट्रॅक-डॉट-इनी या सेटिंग्जच्या फाइलमधल्या 'परमिशन_पॉलिसीज' ओळीत सगळ्यात पहिली हवी. शेवटी लिहिली तर नेहमीची पॉलिसी आधीच 'हो' म्हणून मोकळी होते आणि तुमची बंदी कोणी वाचतच नाही. तिच्या फाइलमध्ये एका विभागात वरून पहिली जुळणारी ओळ चालते. 'तारांकन, बरोबरचं चिन्ह, पुढे रिकामं' ही सगळ्यांना मज्जाव करणारी ओळ वर आणि माणसाचं नाव खाली, असं झालं की तोही बाहेर. ही पॉलिसी पहिली असल्याने अ‍ॅडमिनलाही अडवते, तेव्हा आपली ओळ विसरू नका.

'रिस्ट्रिक्ट_ओनर' (टिकेटाचा मालक यादीतूनच निवडायला लावणारं सेटिंग) चालू असताना नवं नाव मालकांच्या यादीत दिसत नसेल तर परवानग्या पुन्हा उकरू नका. त्या माणसाला एकदा लॉगिन करायला सांगा. तोवर ट्रॅक त्याला ओळखतच नाही. तरीही दिसलं नाही तर नावातलं कॅपिटल-स्मॉल जुळवून पाहा.