डाव्या पानावरची मामी

अपघात ८ जूनचा, त्यात तिचा नवरा गेला, आणि ती माझ्याकडे, वकिलाकडे, आली २०२३ च्या दिवाळीची सुटी संपवून कोर्ट उघडल्यावर. म्हणजे भरपाईच्या दाव्यासाठी हातात जेमतेम अडीच आठवडे. कागद पुढं ठेवत ती म्हणाली, "दीर म्हणत होते, वर्षश्राद्ध झाल्यावर बघू. गावात एकानं सांगितलं तुम्हाला भेटा म्हणून."

माझ्या पोटात गोळा आला. मोटार अपघाताच्या दाव्याला मध्ये बरीच वर्षं मुदतच नव्हती. १९९४ च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली होती. त्यामुळं "वर्षश्राद्ध होऊ द्या, मग कोर्टाचं बघू" असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचं त्या काळी काही चुकत नसे. पण १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत परत आली. खेड्यापाड्यात ही गोष्ट पोचलेलीच नाही, आणि याची मला आजही चीड येते. घरात दिवा विझलेला असतो, माणसं सुतकातून उठलेली नसतात, आणि कायद्याचे दिवस चालू झालेले असतात.

नवरा गवंडी, वय ३८. मोहोळजवळ मोटारसायकलला मागून डंपरची धडक. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, डंपरच्या विम्याची प्रत, सगळं होतं. डंपर सापडला होता हे नशीब. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी सरकारी योजनेतून २ लाख मिळतात, त्यापुढं काही नाही.

"घरात कोण कोण?" मी विचारलं.

"मी, मुलगा, मुलगी."

मी तिघांची नावं लिहून घेतली. दारापाशी बाकावर एक म्हातारी बसली होती, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. "ही आई. सोबतीला आलीया," ती म्हणाली. मी मान डोलावली आणि पुढं गेले. तिथंच माझी चूक होत होती.

उत्पन्नाचा पुरावा मागितला तेव्हा तिनं पिशवीतून खिशात मावेल एवढी वही काढली. कोपरे सिमेंटनं कडक झालेले, पानं उघडताना बारीक करकर वाजायची. उजव्या पानावर हजेरी: "१२ – शाळा प्लास्टर – ८००", "१३ – स्लॅब – ८००", "१४ – खाडा". डाव्या पानावर खर्च: दूध, पोरीचं दप्तर ३५०, हप्ता. आणि दर महिन्याला पाच-सहा तारखेच्या आसपास एक ओळ, "मामी गोळ्या २४०".

"ही मामी कोण?"

ती गप्प. बाकावरून आवाज आला, "मीच की. माझ्या नणंदेचा ल्योक तो. जावई नंतर झाला."

मग हळूहळू निघालं. स्वतःचा नवरा वारल्यावर सात वर्षं म्हातारी लेकीच्या याच घरात होती. स्वतःचा मुलगा विचारत नव्हता. रेशनकार्डावर नाव मात्र अजून लेकीच्या माहेरच्या गावच्या घरातच. लेकीच्या घरी राहतो हे सांगायचं कसं, ही लाज त्या माऊलीला इतकी, की वकिलासमोरही ती सोबतीला आलेली पाहुणी झाली होती.

मी अर्ज फाडला आणि नवा लिहायला घेतला. चौथी अर्जदार: मयताची सासू.

दिराचा फोन आला. "वकीलबाई, सासू वारस कशी?" वारस नाहीच. हिंदू वारसा कायद्यात जावयाच्या मालमत्तेवर सासूचा हक्क नाही. पण अपघाताचा दावा म्हणजे जमिनीची वाटणी नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम १६६ वारस असा शब्द वापरत नाही, ते मयताचे कायदेशीर प्रतिनिधी म्हणतं, आणि त्या माणसाच्या जाण्यानं ज्याचा आधार तुटला तो त्यात बसू शकतो. केरळच्या एन. जयश्री प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये नेमकं हेच ठरवलं. तिथंही सोबत राहणारी सासूच होती, आणि उच्च न्यायालयानं तिला बाहेर ठेवलं होतं.

एका नावानं काय फरक पडतो? घरात अवलंबून असणारे दोन-तीन असतील तर मयताच्या स्वतःच्या खर्चापोटी उत्पन्नातून एक तृतीयांश कापतात. चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. महिना १५,००० धरले, चाळिशीच्या आतला स्वतः कमावणारा म्हणून भविष्यातली ४० टक्के वाढ मिळवली की २१,०००. वर्षाचे २,५२,०००. वय ३८, म्हणून गुणक, म्हणजे वर्षाची रक्कम जितक्या पट धरतात तो आकडा, १५. कपात जाऊन तिघांच्या हिशेबानं २५,२०,०००, चौघांच्या हिशेबानं २८,३५,०००. म्हातारी बाकावरच राहिली असती तर नातवंडांचे ३,१५,००० गेले असते.

उलटतपासाच्या दिवशी विमा कंपनीच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे रेशनकार्ड काढलं. ते त्यांचं कामच होतं. मग वही हातात घेऊन विचारलं, "यात मामी लिहिलंय, सासू नाही. गावात मामी कुणालाही म्हणतात. ही तुम्हीच कशावरून?"

पिंजऱ्यात म्हातारी इतका वेळ खालीच बघत होती. आता तिनं पदराची गाठ सोडली आणि रिकामी झालेली गोळ्यांची पट्टी काढून पुढं धरली. "ही संपली की त्याला दाखवायची. ह्यावरचं नाव वाचून तो आणायचा, मला वाचाया येत न्हाई. ही शेवटची. जूनमधली." थोडं थांबून ती म्हणाली, "साहेब, मी लेकीच्या घरात खाल्लं. सात वर्सं. त्यानं कधी ताट मोजलं न्हाई."

न्यायाधीश साहेबांनी लिहून घेतलं. पुढचा प्रश्न आला नाही.

चौघांनाही अर्जदार धरून निकाल झाला. मुलांचा वाटा ती अठरा वर्षांची होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत. निकालाची प्रत घ्यायला दोघी आल्या तेव्हा लेकीनं रक्कम विचारली, व्याज विचारलं. म्हातारी या वेळी आत येऊन खुर्चीवर बसली होती. तिनं विचारलं, "ती वही परत मिळंल का?"

वही पुरावा म्हणून, निशाणी ३२ या क्रमांकानं, कोर्टाच्या दप्तरात होती. अपिलाची मुदत संपल्यावर मूळ दस्त परत मागता येतो, असं मी सांगितलं. तिनं बोटं मोजून महिने धरले आणि म्हणाली, "मग अर्ज आत्ताच लिवून ठेवा, अंगठा करते."